छोट्या संगणकाला पडदा जोडताना : वाचकांचे प्रश्न

गेले काही महिने या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक विषय वारंवार डोकावतो आहे. रास्पबेरी पायसारखा छोटा लिनक्स संगणक घ्यायचा, त्याला अंगठ्याएवढा पडदा जोडायचा आणि पायथनमधून त्यावर काही दाखवायचे. शाळेचा प्रकल्प, कुळागरातला पंप, देवळातल्या पूजेच्या वेळा अशी कामे वेगवेगळी असली तरी माणसे अडतात ती ठिकाणे बहुधा तीच असतात. म्हणून या वेळी सगळे प्रश्न एकाच विषयावरचे घेतले आहेत.

आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन छोट्या अक्षरांत लिहाव्यात, मोठे अक्षर सांगितले असेल ती ठिकाणे सोडून. आडव्या रेघा, टिंबे आणि तिरक्या रेघा छापल्या आहेत तशाच ठेवाव्यात, एकाही ठिकाणी जागा कमीजास्त करू नये.

प्रश्न : शाळेच्या प्रयोगशाळेत रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू आहेत. त्यांवर नवी रास्पबेरी पाय ओएस टाकली. ओलेड पडद्यासाठी ‘लुमा.ओलेड’ ही लायब्ररी पिपने टाकायला गेले की ‘एक्स्टर्नली-मॅनेज्ड-एन्व्हायर्नमेंट’ अशी त्रुटी येते आणि काम थांबते. ‘--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस’ जोडा म्हणजे चालेल, असे सगळे सांगतात. जोडू का? (शिक्षिका, डिचोली)

उत्तर : जोडू नका. त्या शब्दांचा अर्थ जो आहे तेच ते करतात.

२०२३ साली डेबियन १२ म्हणजे ‘बुकवर्म’ आली आणि त्याच वर्षी रास्पबेरी पाय ओएसही तिच्यावर गेली. तेव्हापासून पायथनच्या मूळ फोल्डरात एक खुणेची फाइल असते. ती दिसली की पिप हात आखडता घेतो. कारण साधे आहे. एकाच पायथनमध्ये सामान आणून ठेवणारे दोघे जण आहेत, ॲप्ट (ओएसचे सामान आणणारा) आणि पिप (पायथनच्या लायब्रऱ्या आणणारा), आणि दोघांना एकमेकांच्या नोंदी ठाऊक नसतात. पिपने आणलेली पिलोची (चित्रे काढणाऱ्या लायब्ररीची) नवी आवृत्ती ॲप्टच्या आवृत्तीच्या पुढे जाऊन बसते. मग तिच्यावर अवलंबून असलेला, काल चालणारा प्रोग्रॅम आज मोडतो, आणि मोडला तो आपण हातही न लावलेल्या ठिकाणी. प्रयोगशाळेत दहा विद्यार्थी दहा गोष्टी टाकणार असतील तर हा गोंधळ निस्तरण्यापेक्षा कार्ड पुसून पहिल्यापासून सुरुवात करणे सोपे पडते.

योग्य वाट आहे ती स्वतंत्र एन्व्हायर्नमेंटची, म्हणजे प्रकल्पापुरत्या वेगळ्या पायथन फोल्डराची. आधी ॲप्टने पाया घाला: ‘सुडो ॲप्ट अपडेट’, नंतर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन३-व्हीईएनव्ही पायथन३-पीआयएल पायथन३-एसपीआयडेव्ह आय२सी-टूल्स’. मग ‘पायथन३ -एम व्हीईएनव्ही --सिस्टम-साइट-पॅकेजेस ~/पडदा’. (‘पडदा’ हे आमचे नाव, तुम्ही रोमनमध्ये हवे ते द्या.) मग ‘सोर्स ~/पडदा/बिन/ॲक्टिव्हेट’. ओळीच्या सुरुवातीला कंसात ‘पडदा’ दिसू लागले की आपण आत आलो. आता ‘पिप इन्स्टॉल लुमा.ओलेड’.

‘--सिस्टम-साइट-पॅकेजेस’ हा तुकडा झीरोवर फार मोलाचा आहे. तो दिला की ॲप्टने आणलेली पिलो आणि एसपीआयडेव्ह आतून दिसतात आणि पिप त्या पुन्हा आणत नाही. तो विसरला तर पिप एखादी लायब्ररी मूळ सोर्स कोडमधून बांधायला घेऊ शकतो. ५१२ एमबी मेमरीच्या संगणकावर ते बांधकाम कंटाळवाणे होते आणि पुष्कळदा अर्ध्यावर पडते. ‘पायथन.एच’ सापडली नाही असे आले तर ‘पायथन३-डेव्ह’ हवे आहे. जेपेगची हेडर फाइल नाही असे आले तर पिलो बांधली जाते आहे. तिथेच थांबा, एन्व्हायर्नमेंटचा फोल्डर काढून टाका आणि वरचा तुकडा घालून नव्याने करा.

आत असताना ‘सुडो पिप’ कधीही लिहू नये. सुडो लावला की आज्ञा एन्व्हायर्नमेंटच्या बाहेरच्या पिपकडे जाते आणि पुन्हा तीच त्रुटी दिसते. ‘एन्व्हायर्नमेंट केले तरी चालत नाही’ अशी तक्रार असलेल्या पत्रांत हे कारण फार वेळा असते.

मुले थॉनीत (पायथन लिहायच्या संपादकात) लिहीत असतील तर थॉनीलाही सांगावे लागेल. उजव्या कोपऱ्यातून साध्या मोडमधून ‘रेग्युलर मोड’ला जा, थॉनी बंद करून उघडा, मग टूल्स, ऑप्शन्स, इंटरप्रिटर आणि तिथे पायथनची फाइल म्हणून ‘पडदा’ फोल्डरातल्या ‘बिन’मधली ‘पायथन’ निवडा.

शाळेचे इंटरनेट मंद असेल तर एकाच संगणकावर ‘पिप डाउनलोड लुमा.ओलेड -डी गाठोडे’ करा, तो फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या आणि बाकीच्यांवर ‘पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स गाठोडे लुमा.ओलेड’. अट एवढीच की सगळ्यांवर ओएस एकच हवी, आणि ३२ किंवा ६४ बिटही एकच. तयार ‘पडदा’ फोल्डर मात्र उचलून दुसरीकडे टाकू नका. त्यातल्या फाइलींत पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. वापरकर्त्याचे नाव बदलले की त्या चालत नाहीत.

प्रश्न : कुळागरातल्या पंपाजवळ जमिनीची ओल दाखवणारा पडदा बसवायचा आहे. लायब्ररी त्रुटीविना बसली. प्रोग्रॅम चालवला की ‘आय२सी डिव्हाइस नॉट फाउंड’ येते. पडद्याच्या मागे ०एक्स७८ छापले आहे, तेही घालून पाहिले. दुसरा जरा मोठा १.३ इंची पडदा आणला, तर त्यावर नुसत्या मुंग्या. संगणक खोलीत आणि पडदा तीन मीटर लांब आहे. (बागायतदार, वाळपई)

उत्तर : लायब्ररी बसली म्हणजे पडदा जोडला गेला असे होत नाही. आता पिपकडे वळून पाहू नका. अडचण वायरीत, पत्त्यात किंवा चिपच्या नावात आहे, आणि त्याच क्रमाने शोधायची.

आधी त्रुटीची पूर्ण ओळ वाचा. लुमा तीन वेगळ्या ओळी देते आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. ‘नॉट फाउंड’पुढे ‘/डेव्ह/आय२सी-१’ असेल तर संगणकातली आय२सीची, म्हणजे दोन वायरींवरून चिपांशी बोलण्याची, वाटच बंद आहे. ‘सुडो रास्पी-कॉन्फिग’, त्यात इंटरफेस ऑप्शन्स, आय२सी, होय, आणि संगणक पुन्हा सुरू. ‘परमिशन डिनाइड’ असेल तर तुमचा वापरकर्ता आय२सी गटात नाही. ‘सुडो यूझरमॉड -एजी आय२सी’ आणि पुढे वापरकर्त्याचे नाव द्या. यातल्या ‘एजी’मधला ए छोटा आणि जी मोठा. मग एकदा बाहेर पडून पुन्हा आत या, त्याशिवाय गट लागू होत नाही. आणि ‘नॉट फाउंड ऑन ॲड्रेस’पुढे पत्ता दिसत असेल तर वाट उघडी आहे, पण त्या पत्त्यावर कुणी ओ देत नाही. तुमच्याकडे ही तिसरी ओळ येत असणार.

आता वायरी. रास्पबेरी पायच्या पिन क्रमांक १ वर ३.३ व्होल्ट, ३ वर एसडीए (माहितीची वायर), ५ वर एससीएल (ठोक्यांची वायर), ६ वर ग्राउंड. पडद्याच्या बाजूला चार पिना असतात आणि इथे खरा घात होतो. काही पडद्यांवर पहिली पिन जीएनडी आणि दुसरी व्हीसीसी असते, काहींवर नेमके उलट. दोन्ही पडदे समोरून अगदी सारखे दिसतात. आधीच्या पडद्यावरून वायरी जशाच्या तशा उपसून नव्यावर लावल्या तर वीज उलटी जाते आणि पडदा काही क्षणांत गरम होऊन निकामी होतो. छापलेली अक्षरे वाचल्याशिवाय वीज देऊ नका. वीज ३.३ व्होल्टचीच द्या. पडदा ५ व्होल्टवर चालतो असे लिहिलेले असले तरी त्यावरचे पुल-अप रोध काही बनावटींत एसडीए आणि एससीएलला सरळ व्हीसीसीकडे ओढतात. ते ५ व्होल्ट मग रास्पबेरी पायच्या पिनेवर येतात आणि ती पिन ३.३ व्होल्टचीच आहे.

वायरी बघून झाल्या की ‘आय२सीडिटेक्ट -वाय १’. आडव्या-उभ्या रेघांच्या तक्त्यात ‘३सी’ किंवा क्वचित ‘३डी’ दिसले पाहिजे. मागे छापलेला ७८ हा त्याच पडद्याचा पत्ता आहे, फक्त लिहिण्याची पद्धत वेगळी. त्यात शेवटी वाचन-लेखनाचा एक बिट धरलेला असतो. तो सोडला की ७८ चा ३सी होतो आणि ७ए चा ३डी. लिनक्सला बिनबिटाचा पत्ता लागतो, म्हणून ७८ घातल्यावर काहीच सापडणार नाही. पूर्ण तक्ता रिकामा असेल तर एसडीए आणि एससीएलची अदलाबदल झाली आहे का पाहा. त्याने काही जळत नाही. शिवाय पडद्याला पिना झाळलेल्या आहेत की नुसत्या भोकांत खोचल्या आहेत तेही बघा. नुसत्या खोचलेल्या पिना तक्त्यात कधी दिसतात, कधी दिसत नाहीत.

मुंग्यांचे कारण सरळ आहे. ०.९६ इंची पडद्यावर बहुधा एसएसडी१३०६ चिप असते आणि १.३ इंचीवर बहुधा एसएच११०६. दोघांचा पत्ता ३सीच, त्यामुळे तक्त्यावरून फरक कळत नाही. एसएच११०६ च्या आतली स्मृती १३२ स्तंभांची आहे, समोर दिसतात १२८. शिवाय चित्र एका दमात ओळीने भरून घ्यायची एसएसडी१३०६ ची पद्धत तिला येत नाही. म्हणून चुकीच्या नावाने हाक मारली की मुंग्या येतात. प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळींत ‘लुमा.ओलेड.डिव्हाइस’मधून एसएसडी१३०६ ऐवजी एसएच११०६ घ्या आणि खाली डिव्हाइस बनवतानाही तेच नाव लिहा. दोन शब्दांचा बदल आहे. विक्रेत्याने पानावर काय लिहिले आहे यावर विसंबू नका, दोन्ही नावे चालवून पाहा. चित्र दोन ठिपके सरकलेले आणि कडेला कचऱ्याची उभी पट्टी दिसली तरी कारण हेच.

राहिले तीन मीटर. आय२सी ही एकाच पाटीवरच्या चिपांनी आपसांत बोलण्यासाठी केलेली व्यवस्था आहे. सगळ्या वायरींची मिळून धारिता ४०० पिकोफॅरडच्या आत हवी, असे तिचे मानक सांगते. वायर जितकी लांब तितकी धारिता वाढते आणि सिग्नलच्या कडा गोल होतात. त्यात शेजारी पंपाची मोटर सुरू-बंद होणार. ‘/बूट/फर्मवेअर/कॉन्फिग.टीएक्सटी’मध्ये ‘डीटीपॅरम=आय२सी_आर्म_बॉडरेट=१००००’ लिहून वेग उतरवता येतो. पण १२८ गुणिले ६४ ठिपक्यांचे एक चित्र म्हणजे १,०२४ बाइट, आणि प्रत्येक बाइटला नऊ ठोके. १० किलोहर्ट्झला एक चित्र उमटायला जवळपास एक सेकंद लागेल. नेहमीच्या १०० किलोहर्ट्झला तेच साधारण ९२ मिलिसेकंदांत होते आणि ४०० ला २३ मध्ये. आमचे मत स्पष्ट आहे: झीरो डब्ल्यूसारखा संगणकच पडद्यासह पेटीत घालून पंपाजवळ ठेवा, आणि लांब न्यायची ती ५ व्होल्टची वायर न्या, तीही जाड.

प्रश्न : पडद्यावर मराठी अक्षरे आणायची आहेत. फाँट दिला, अक्षरे आली, पण फुटकी. ‘म्हापसा’मधला म अर्धा न होता पाय मोडून दिसतो, आणि ‘शिगमो’ची पहिली वेलांटी श च्या उजवीकडे जाऊन बसते. (स्टेशनरी दुकानदार, मडगाव)

उत्तर : फाँट बरोबर आहे, मांडणी करणारा गैरहजर आहे. पिलोकडे मांडणीची दोन यंत्रे आहेत. साधे यंत्र साठवलेल्या क्रमाने एकामागून एक चिन्हे ठेवत जाते. रोमनला ते पुरते. देवनागरीत ‘शि’ साठवताना आधी श येतो आणि नंतर वेलांटी, पण काढताना वेलांटी आधी लागते. जोडाक्षरे, रफार, सगळ्यांचे तेच. हे जाणणारे दुसरे यंत्र म्हणजे ‘राक्म’. ते हार्फबझ आणि फ्रिबिडी या दोन लायब्रऱ्यांच्या आधाराने चालते.

तुमच्याकडे ते आहे का, हे एका आज्ञेत कळते: ‘पायथन३ -एम पीआयएल’, यातली पीआयएल मोठ्या अक्षरांत. लांब यादी येईल. त्यात राक्मची ओळ शोधा. पुढे ‘सपोर्ट ओके’ असेल तर ठीक. ओळीच्या सुरुवातीला तीन तारे आणि ‘नॉट इन्स्टॉल्ड’ असेल तर तेच दुखणे आहे. पिपने आणलेल्या पिलोत राक्म बहुधा आतच असते, पण फ्रिबिडी बाहेरून लागते आणि ओएसच्या ‘लाइट’ आवृत्तीत ती नसू शकते. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिबफ्रिबिडी० लिबराक्म०’ करून आज्ञा पुन्हा चालवा.

फाँटसाठी ‘फाँट्स-लोहित-देवा’ हे छोटे पॅकेज पुरते. नोटो हवा असेल तर ‘फाँट्स-नोटो-कोअर’. कुठे बसला ते ‘एफसी-लिस्ट :लँग=एमआर’ सांगते. तिथला पूर्ण पत्ता उचलून ‘इमेजफाँट.ट्रूटाइप’ला द्या, आकार १८ पासून सुरू करा आणि लेआउट इंजिन म्हणून ‘इमेजफाँट.लेआउट.राक्म’ स्पष्ट लिहा (इमेज, फाँट आणि लेआउट यांची पहिली अक्षरे मोठी, राक्म पूर्ण मोठ्या अक्षरांत). मजकूर काढताना ‘लँग्वेज’ला ‘एमआर’ दिले की ज्या फाँटात ल आणि श यांची मराठी वळणे भरलेली आहेत त्यात ती येतात, नाहीतर हिंदी वळणाची येतात. मराठी ग्राहकासाठी पाटी करता आहात, तर एवढे जरूर करा.

आकाराबाबत एक गोष्ट आधीच ठरवून टाका. ६४ ठिपक्यांच्या उंचीत रोमनच्या सहा-सात ओळी मावतात. देवनागरीला वर मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार लागतात. १४ च्या खाली ‘ष्ट’, ‘द्ध’ यांचे नुसते डाग होतात. तीन ओळींच्या वर जाऊ नका, आणि दुकानात लांबून वाचायचे असेल तर दोनच.

जुन्या उदाहरणांवरून लिहीत असाल तर आणखी एक अडथळा येईल: ‘टेक्स्टसाइझ’ नावाचे काही नाही अशी त्रुटी. जुलै २०२३ मध्ये आलेल्या पिलो १० ने ते काढून टाकले. त्याऐवजी ‘टेक्स्टबीबॉक्स’ वापरा. ते चार आकडे देते, डावी, वरची, उजवी आणि खालची कड. रुंदी म्हणजे तिसऱ्यातून पहिला वजा. यासाठी पिलोची जुनी आवृत्ती शोधत बसू नये.

प्रश्न : प्रोग्रॅम त्रुटीविना संपतो, पण पडदा क्षणभर चमकून काळा होतो. (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, फर्मागुडी)

उत्तर : प्रोग्रॅम संपला की लुमा जाताना पडदा पुसून विझवते, तशीच तिची रचना आहे. चित्र राहायला हवे असेल तर शेवटी झोपेचा फेरा (स्लीपचा लूप) घाला किंवा ‘डिव्हाइस.परसिस्ट’ला ‘ट्रू’ करा, त्यातला टी मोठा.

प्रश्न : रास्पबेरी पाय ४ वर चालणारा एसपीआय (आय२सीसारखीच, पण जास्त वायरींची जोडणी) पडद्याचा प्रोग्रॅम पाय ५ वर ‘कॅनॉट डिटरमिन एसओसी पेरिफेरल बेस ॲड्रेस’ म्हणतो. (विद्यार्थिनी, वास्को)

उत्तर : पाय ५ मध्ये पिना सांभाळायला आरपी१ ही वेगळी चिप आली. जुनी ‘आरपीआय.जीपीआयओ’ लायब्ररी मुख्य प्रोसेसरच्या स्मृतीत थेट हात घालते, तिला तिथे काही सापडत नाही. ‘आरपीआय-एलजीपीआयओ’ टाका. ती त्याच नावाने बोलावली जाते, म्हणून प्रोग्रॅम बदलावा लागत नाही. दोन्ही एकत्र मात्र ठेवू नका: एन्व्हायर्नमेंटमध्ये जुनी आधीच असेल तर ‘पिप अनइन्स्टॉल आरपीआय.जीपीआयओ’ आधी, मग नवी.

प्रश्न : देवळाच्या सभामंडपात पूजा, आरती आणि पालखीच्या वेळा दाखवायच्या आहेत. दिवसा उजेड खूप असतो, ओलेड दिसत नाही. कुणी ई-पेपर सुचवला. ७.५ इंचीचा आणला, पण उदाहरणाचा प्रोग्रॅम ‘ई-पेपर बिझी’ लिहून तिथेच अडकतो. (देवस्थान समिती सदस्य, फोंडा तालुका)

उत्तर : निवड योग्य आहे. दिवसातून चार-सहा वेळा बदलणाऱ्या मजकुराला ई-पेपरसारखा पडदा नाही. उजेड जितका जास्त तितका तो चांगला दिसतो, आणि चित्र टिकवायला वीज लागत नाही.

‘बिझी’वर अडकणे म्हणजे संगणक पडद्याच्या ‘मी मोकळा आहे’ या खुणेची वाट पाहतो आहे आणि ती येत नाही. बहुतेक वेळा तीन कारणांपैकी एक असते. रास्पी-कॉन्फिगमध्ये एसपीआय सुरू केलेले नाही. किंवा बिझीची वायर सैल आहे: वेव्हशेअरच्या मांडणीत ती पिन १८ म्हणजे जीपीआयओ २४ वर जाते, आरएसटी पिन ११ वर, डीसी २२ वर, सीएस २४ वर, डीआयएन १९ वर आणि सीएलके २३ वर. किंवा ड्रायव्हरची फाइल दुसऱ्या आवृत्तीची आहे. हे तिसरे कारण सर्वांत जास्त आढळते. एकाच आकाराच्या पडद्याच्या व्ही२, व्ही३ अशा आवृत्त्या असतात, काळा-पांढरा आणि तिरंगी असे प्रकार असतात, आणि प्रत्येकाची पायथन फाइल निराळी. पडद्याच्या मागच्या चिकटपट्टीवर आवृत्ती वाचा आणि त्याच नावाची उदाहरणाची फाइल चालवा. हॅट (संगणकावर बसणारी जोडपाटी) वापरत असाल तर त्यावरची इंटरफेसची छोटी कळ ० वर म्हणजे चार वायरींच्या एसपीआयवर हवी. दुसरी कळ सोबतच्या पत्रकाप्रमाणे.

जोडपट्टीला फार जपा. काच आणि पाटी यांना जोडणारी ती नारिंगी पट्टी एकदा आडवी मुडपली की आतली रेघ तुटते, आणि ती जोडता येत नाही. ती फक्त लांबीच्या दिशेने, सैल वळणाने वाकवावी.

वापराचे नियमही पाळा. दोन बदलांत किमान तीन मिनिटे जाऊ द्या, आणि मजकूर तोच असला तरी चोवीस तासांत एकदा पूर्ण पडदा ताजा करा. चित्र काढून झाले की प्रोग्रॅममधून ‘स्लीप’ दिलेच पाहिजे. ते न दिल्यास पडद्यावर उच्च व्होल्टेज तसेच राहते आणि तो कायमचा बिघडू शकतो. काळा-पांढरा पडदा बदलताना काही सेकंद लुकलुकतो, तिरंगी त्याहून कितीतरी जास्त. तुमच्या कामाला काळा-पांढराच घ्या. थेट ऊन लागेल अशा जागी बसवू नका, सभामंडपाच्या आतल्या खांबावर ठीक.

एक सूचना आमच्याकडून. वीज गेली किंवा संगणक बंद पडला तरी ई-पेपरवर शेवटचे चित्र तसेच राहते आणि ते जिवंत असल्यासारखे दिसते. काल्याच्या दिवशी आदल्या दिवसाची आरतीची वेळ वाचून लोक उशिरा आले तर दोष पाटीचाच. म्हणून वर त्या दिवसाची तारीख आणि वार ठळक लिहा. जुनी तारीख दिसली की भाविकाला लगेच कळेल.

प्रश्न : वीज गेली आणि आली की संगणक सुरू होतो, पण पडद्यावरचा प्रोग्रॅम हाताने सुरू करावा लागतो. शिवाय घड्याळ मागचीच वेळ दाखवते. पावसाळ्यात दिवसातून अनेकदा वीज जाते. (वाचक, पेडणे)

उत्तर : प्रोग्रॅम सिस्टमडीकडे, म्हणजे लिनक्स सुरू होताना प्रोग्रॅम चालवणाऱ्या व्यवस्थेकडे, सोपवा. ‘/इटीसी/सिस्टमडी/सिस्टम/’ या फोल्डरात ‘पडदा.सर्व्हिस’ अशी फाइल करा. तिच्या ‘सर्व्हिस’ भागात चार ओळी पुरतात: ‘यूझर=’पुढे तुमचे नाव, ‘वर्किंगडिरेक्टरी=’पुढे प्रोग्रॅमचा फोल्डर, ‘एक्झेकस्टार्ट=’पुढे एन्व्हायर्नमेंटमधल्या पायथनचा पूर्ण पत्ता आणि एक जागा सोडून प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता, आणि ‘रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर’. ‘इन्स्टॉल’ भागात ‘वाँटेडबाय=मल्टी-यूझर.टार्गेट’. (भागांच्या आणि ‘=’आधीच्या नावांत प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे, भागांची नावे चौकटी कंसात.) मग ‘सुडो सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड’ आणि ‘सुडो सिस्टमसीटीएल एनेबल --नाऊ पडदा’. इथे ‘ॲक्टिव्हेट’ लागत नाही. पायथनचा पत्ता ‘पडदा/बिन’मधला दिला की एन्व्हायर्नमेंट आपोआप लागू होते. नुसते ‘पायथन३’ लिहिले तर सिस्टमचा पायथन चालतो, त्याला लुमा सापडत नाही. काय चुकले ते ‘जर्नलसीटीएल -यू पडदा’मध्ये वाचा.

घड्याळाचे कारण असे, की या संगणकात बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. पाय ५ मध्ये ते आहे, पण बॅटरी वेगळी लावावी लागते. इंटरनेट येईपर्यंत तो बंद होतानाची वेळ धरून बसतो. डीएस३२३१ हे छोटे मॉड्यूल घ्या. ते ओलेडच्याच दोन वायरींवर बसते, कारण त्याचा पत्ता ६८ आहे आणि पडद्याचा ३सी. कॉन्फिग फाइलमध्ये ‘डीटीओव्हरले=आय२सी-आरटीसी,डीएस३२३१’ ही ओळ घालून संगणक पुन्हा सुरू करा. आता तक्त्यात ६८ च्या जागी ‘यूयू’ दिसेल. घाबरू नका, घड्याळ कर्नलने ताब्यात घेतले एवढाच त्याचा अर्थ.

एकाएकी वीज जाण्याचा मार एसडी कार्डाला बसतो. लिहिणे अर्धे राहिले की फाइल व्यवस्था मोडते. सगळे मनासारखे चालू लागले की रास्पी-कॉन्फिगच्या परफॉर्मन्स ऑप्शन्समधून ओव्हरले फाइल सिस्टम सुरू करा. त्यानंतरचे सगळे लिहिणे मेमरीत होते आणि कार्ड अबाधित राहते. पण नोंदी साठवत असाल तर त्याही वीज गेली की जातात. त्यांच्यासाठी पेनड्राइव्ह ठेवा. ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ हेही एकदा चालवा. उत्तर ०एक्स० हवे. ०एक्स५०००० आले तर सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज घसरले होते, आणि पहिला संशय मोबाइलच्या जुन्या चार्जरवर व बारीक केबलवर घ्यावा. झीरो २ डब्ल्यूला ५ व्होल्ट २.५ अँपियर, पाय ४ ला ३ अँपियर धरा.

प्रश्न : समुद्रालगतच्या शॅकमध्ये बसवलेला पडदा पावसाळ्यानंतर मध्येच गोठतो, हलवला की चालतो. (वाचक, बाणावली)

उत्तर : हलवल्यावर चालतो म्हणजे प्रोग्रॅमला हात लावू नका. जंपर वायरीच्या मादी टोकात पाहा, हिरवट पूड दिसेल. खाऱ्या दमट हवेत त्या पत्र्याच्या पकडी गंजतात. वायरी काढून टाकून सरळ झाळा, झाळकामाचा फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पाटीवर कॉन्फॉर्मल कोटिंगचा (ओलाव्यापासून जपणाऱ्या लेपाचा) पातळ थर द्या. एसडी कार्डाची खाच, यूएसबीची तोंडे आणि पडद्याची काच आधी चिकटपट्टीने झाका, तिथे थर जाता कामा नये. पेटीतली केबल खालच्या बाजूने आत घ्या, आत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि दर पावसाळ्याआधी ती बदला. ओलेड दिवसरात्र एकच चित्र दाखवत असेल तर त्या ठिपक्यांची चमक आधी मरते. ‘डिव्हाइस.कॉन्ट्रास्ट’ ३० च्या आसपास ठेवा आणि शॅक बंद झाल्यावर ‘डिव्हाइस.हाइड’ने पडदा विझवा, सकाळी ‘डिव्हाइस.शो’.